हिरड्यांतून रक्त येतंय? दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका : पायरियाची कारणं, लक्षणं आणि उपचार

दात दुखला की माणूस रातोरात डॉक्टर गाठतो. हिरडीतून रक्त आलं तर मात्र चूळ भरतो आणि कामाला लागतो. ब्रश जरा जोरात लागला असेल, उष्णता वाढली असेल, अशी समजूत करून घेतो. हिरड्यांच्या आजारात खरी गोम इथेच आहे. हा आजार वर्षानुवर्षं न दुखता वाढतो आणि दात हलायला लागल्यावरच लक्षात येतो. तोवर दाताखालचं हाड झिजून गेलेलं असतं आणि गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

आपल्याकडे या आजाराला सरसकट ‘पायरिया’ म्हणतात. डॉक्टर त्याचे दोन टप्पे करतात. पहिला ‘जिंजिव्हायटिस’, म्हणजे फक्त हिरडीची सूज. दुसरा ‘पेरिओडॉन्टायटिस’, म्हणजे सूज हिरडीखाली उतरून दाताला धरून ठेवणारं हाड खायला लागते. पहिला टप्पा पूर्ण बरा होतो. दुसरा थांबवता येतो, पण झालेलं नुकसान बहुतेक वेळा तसंच राहतं. म्हणून आपण कुठल्या टप्प्यावर आहोत हे लवकर कळणं महत्त्वाचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मुखआरोग्य अहवालानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांचा गंभीर स्वरूपाचा आजार आहे. म्हणजे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. सीमाभागात तर तंबाखू, मिश्री आणि मधुमेह या तिन्हींमुळे तो घरोघरी बघायला मिळतो.

दात उभा असतो कशावर?

दात थेट हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. हे तंतू दाताला चारी बाजूंनी ओढून धरतात आणि चावताना बसणारा दाब झेलतात. या सगळ्यावर हिरडीचं झाकण असतं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ही खाच साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ब्रशचे केस तिथे थोडेफार पोचतात, त्यामुळे ती साफ राहू शकते.

आजार वाढला की हिरडी दातापासून सुटते, खाच खोल होते आणि तिचा खिसा बनतो. डॉक्टर त्याला ‘पॉकेट’ म्हणतात. ४ मिलिमीटर किंवा त्याहून खोल पॉकेट झालं की घरचा ब्रश तळापर्यंत जात नाही. आत घाण साठते, सूज वाढते, सूज वाढली की पॉकेट आणखी खोल होतं. थकलेल्या कर्जावर व्याज चढावं तसा हा प्रकार चालतो. हप्ता लवकर भरला तर थोडक्यात सुटका, उशीर केला तर मुद्दलच हातचं जातं.

कारण एकच, त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी अनेक

मूळ कारण म्हणजे दातांवर साचणारा चिकट थर, म्हणजे ‘प्लाक’. ब्रश केल्यावर काही तासांतच तो पुन्हा बसायला सुरुवात होते. बोटानं चाचपलं तर दात बुळबुळीत लागतो, तोच हा थर. हे नुसते अन्नाचे कण नव्हेत. ती जंतूंची जमलेली वस्ती असते. चूळ भरून ती जात नाही, घासूनच काढावी लागते.

हा थर तसाच राहिला तर लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे काही दिवसांत तो कडक होऊ लागतो. त्यालाच आपण दातावरचा दगड किंवा कीटण म्हणतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला कीटण जास्त दिसतं, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. एकदा दगड झाला की कुठल्याही ब्रशनं, पेस्टनं किंवा मंजनानं तो निघत नाही.

प्लाकमुळे हिरडी सुजते हे १९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये साध्या प्रयोगानं दाखवलं. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. पहिला टप्पा उलटवता येतो, असं आज डॉक्टर सांगतात त्यामागे हा प्रयोग आहे.

मग सगळ्यांचेच दात का पडत नाहीत? याचंही उत्तर लो यांच्याच दुसऱ्या अभ्यासात आहे. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवर राबणाऱ्या ४८० पुरुष मजुरांची त्यांनी १९७० पासून पुढे १५ वर्षं पाहणी केली. हे मजूर ब्रश वगैरे वापरत नव्हते, दातांवर थर सगळ्यांच्याच होता. तरी सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्यानं वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीनं आणि ११ टक्क्यांत हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. म्हणजे घाण सारखी असली तरी प्रत्येकाचं शरीर तिला वेगळं उत्तर देतं. हाड जंतू थेट खातात असंही नाही. त्यांच्याशी लढताना शरीराची जी प्रतिक्रिया होते, तीच हाड झिजवते. ही प्रतिक्रिया बिघडवणाऱ्या गोष्टी पुढे दिल्या आहेत.

तंबाखू आणि मिश्री. निपाणीची बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली. चिकोडी-निपाणी पट्ट्यात कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. त्यामुळे आपल्याकडे तंबाखूबद्दल बोलताना लोक जरा दबकूनच बोलतात. पण तोंडाच्या बाबतीत आडपडदा ठेवून चालणार नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांचा रक्तपुरवठा आणि प्रतिकार दोन्ही बिघडतात. त्यामुळे त्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. त्याला वाटतं आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत, आणि आतून हाड चाललेलं असतं. उपचारांचा गुणही अशा माणसाला कमी येतो. तंबाखू-चुन्याची गोळी रोज ज्या जागी धरली जाते, तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं.

मिश्रीची गोष्ट वेगळी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड अनेक बायका सकाळी दातांना लावतात. दातदुखीवर, गरोदरपणातल्या मळमळीवर किंवा पोट साफ व्हावं म्हणून सुरू झालेली सवय पुढे दिवसातून तीन-चार वेळांवर जाते. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते,’ असं म्हणणाऱ्या बायका पुष्कळ. मिश्री म्हणजे तंबाखूच आणि ती सुटत नाही याचं कारण त्यातलं निकोटिन. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली आहे. मिश्री मात्र घरोघरी भाजली जाते, त्यामुळे ती बंदी तिच्यापर्यंत पोचत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली आणि कर्नाटकात २०१३ साली बंदी आली. नंतर पान मसाला आणि तंबाखूच्या पुड्या वेगवेगळ्या मिळू लागल्या आणि लोक त्या एकत्र करून खाऊ लागले. सवय तशीच राहिली.

मधुमेह. साखर आणि हिरडी यांचं नातं दुहेरी आहे. साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार जास्त होतो आणि लवकर वाढतो. उलट हिरड्यांत कायमची सूज असेल तर साखर आवरायला जड जातं. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ०.४ नं खाली येते, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. आकडा लहान वाटतो, पण साखरेच्या गोळीत भर घालायची वेळ आलेल्यांसाठी तो लहान नाही. मधुमेहाची गोळी सुरू असलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा डोळे तपासतात तशा हिरड्याही तपासून घ्याव्यात.

गरोदरपण. या काळातल्या हार्मोनच्या बदलांमुळे थोड्याशा थरालाही हिरड्या जोरात सुजतात. काहींच्या हिरडीवर लालसर गाठही येते. बहुधा ती कर्करोगाची नसते आणि बाळंतपणानंतर बऱ्याचदा ओसरते, तरी डॉक्टरांना दाखवावी. ‘पोटुशीनं दातांचं काही करू नये’ हा समज चुकीचा आहे. दात साफ करणं या काळात सुरक्षित आहे, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते सगळ्यात सोयीचं पडतं.

काही औषधं. फिट्स येऊ नयेत म्हणून दिलं जाणारं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं अॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन, अवयव बदलल्यानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन, यांनी काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. गोळी मनानं बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा, पर्याय असू शकतो.

याखेरीज वेडेवाकडे दात, नीट न बसलेली कॅप, सतत कोरडं राहणारं तोंड, आहारात क जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता आणि घराण्यात लवकर दात पडण्याचा इतिहास, हेही हातभार लावतात.

लक्षणं : कशाकडे लक्ष ठेवायचं?

सुरुवातीची लक्षणं अशी असतात.

- ब्रश करताना, पेरू किंवा ऊस चावताना रक्त येणं
- हिरडीचा रंग लालभडक किंवा जांभळट होणं, कड फुगून चकाकणं
- सकाळी उठल्यावर तोंडाला वास, चव बदलल्यासारखी वाटणं

आजार पुढे गेल्यावर ही दिसतात.

- हिरडी खाली उतरून दात लांब दिसू लागणं, गार पाणी मुळाशी झोंबणं
- दोन दातांत नव्यानं फट पडणं, पुढचे दात बाहेर सरकणं
- हिरडी दाबली की पू येणं, अधूनमधून गळू धरून ठणकणं
- भाकरीचा तुकडा तोडताना किंवा सुपारी फोडताना दात हलल्याची जाणीव
- कवळी किंवा कॅप पूर्वीसारखी न बसणं

कधी कधी कमी वयातच, म्हणजे पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान, फक्त पुढचे दात आणि पहिल्या दाढा सैल व्हायला लागतात. बाहेरून कीटण फारसं दिसत नाही, म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. हा प्रकार वेगानं वाढतो. अशा मुलामुलींना उशीर न करता हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे न्यावं. भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

इथे मात्र थांबू नका. तोंडातली जखम किंवा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, पांढरा किंवा लाल चट्टा उठला, दात काढलेली जागा भरून येत नाही, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, मानेत गाठ लागते, यातलं काहीही असलं तर ते पायरियावर ढकलू नका. तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांत ही कर्करोगाची किंवा त्याच्या आधीच्या स्थितीची खूण असू शकते. हिरड्या एकाएकी खूप सुजल्या, रक्त थांबेना, सोबत ताप, अशक्तपणा आणि अंगावर निळे डाग असतील तर रक्ताची तपासणी लगेच करून घ्यावी. रक्ताचे काही कर्करोग आधी हिरडीतच दिसतात. गालावर किंवा जबड्याखाली सूज चढून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर तो रात्रीसुद्धा दवाखान्यात जाण्याचा प्रसंग आहे.

डॉक्टर काय तपासतात?

मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई, म्हणजे ‘प्रोब’, हिरडीच्या खाचेत हलकेच घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. कुठे रक्त येतं, दात किती हलतो, हिरडी किती उतरली, हे लिहून घेतात. मग एक्स-रे काढतात. सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे असतो त्याला ओपीजी म्हणतात. त्यात हाड किती उरलंय ते दिसतं.

आता या आजाराची नोंद टप्पा आणि वेग अशी दोन प्रकारे करतात. टप्पे १ ते ४, म्हणजे नुकसान किती झालं. वेग ए, बी, सी, म्हणजे ते किती झपाट्यानं होतंय. दिवसाला १० किंवा त्याहून जास्त सिगारेटी किंवा एचबीए१सी ७ किंवा त्याच्या वर, असं असेल तर रुग्ण सी गटात, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या आजाराच्या गटात धरला जातो. केसपेपरवर ‘स्टेज’ आणि ‘ग्रेड’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हा.

नुसतं आरशात बघून, प्रोब न लावता ‘पायरिया आहे, एवढे दात काढा’ असं कोणी सांगितलं, तर दात काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्यावं.

उपचार : पायरीपायरीनं

पहिली पायरी : स्केलिंग. कंप पावणाऱ्या मशीननं आणि हातातल्या हत्यारानं दातांवरचा दगड काढतात. आजार पहिल्या टप्प्यात असेल तर हे आणि घरची नीट सफाई एवढ्यावर काम भागतं.

‘क्लिनिंग केलं आणि दात ढिले झाले,’ हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. त्यात तथ्य किती? दगडानं दोन दातांतली फट भरलेली असते, सुजेनं हिरडी फुगलेली असते. दगड निघाला, सूज ओसरली की आधीपासून असलेली फट उघडी पडते. आधीच हाड गेलेला दात दगडाच्या आधारानं उभा असेल तर तोही हलल्यासारखा वाटतो. काही दिवस गार पाणी झोंबतं. पण दात सैल होतो तो हाड गेल्यामुळे, मशीनमुळे नाही.

दुसरी पायरी : खोल सफाई. पॉकेट झालेलं असेल तर जागा बधिर करून हिरडीखाली मुळावरचा दगड आणि जंतूंचा थर काढतात. याला ‘रूट प्लेनिंग’ किंवा ‘डीप क्लिनिंग’ म्हणतात. एक-दोन किंवा जास्त बैठका लागतात. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप घेतात. ही दुसरी तपासणी बरेच लोक चुकवतात, आणि पुढे काय करायचं हे तर तिच्यावरच ठरतं.

तिसरी पायरी : फ्लॅप शस्त्रक्रिया. खोल पॉकेट तरीही राहिलं तर हिरडी थोडी उघडून, आत नजरेसमोर सफाई करून टाके घालतात. हाडात खड्ड्यासारखी ठरावीक आकाराची झीज असेल तर तिथे हाडाची पूड भरणं किंवा पडदा बसवणं असे उपाय करून थोडं हाड परत मिळवता येतं. सगळ्याच दातांत हे जमत नाही. सरसकट झिजलेलं हाड पूर्वीसारखं करून देतो असं कोणी सांगत असेल तर सावध राहा.

चौथी गोष्ट : दात वाचवायचा की काढायचा? आडवा किंचित हलणारा दात बहुतेक वेळा वाचतो. शेजारच्या दातांना तारेनं किंवा फायबरच्या पट्टीनं बांधून आधारही देता येतो. वर-खाली हलणारा, चारी बाजूंचं हाड गेलेला दात काढणंच बरं. इम्प्लांट बसवायचा विचार असेल तर आधी पायरिया ताब्यात आणावा लागतो. नाहीतर तोच आजार इम्प्लांटभोवतीचं हाडही खातो.

आणि कायमची पायरी : फेरतपासणी. पेरिओडॉन्टायटिस झालेल्यांनी सुरुवातीला दर तीन ते चार महिन्यांनी सफाई करून घ्यायची असते. शुगर किंवा बीपीसारखाच हा सांभाळायचा आजार आहे. एकदा उपचार केले आणि विसरलं, असं इथे चालत नाही.

गोळ्यांबद्दल. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून चार दिवस खाल्लं की सूज उतरते आणि माणूस खूश होतो. पण दगड आणि थर जागेवरच असतात, त्यामुळे सूज परत येते. अँटिबायोटिक हा सफाईला पर्याय नाही. ठरावीक रुग्णांतच डॉक्टर ते सफाईसोबत देतात. मेट्रोनिडॅझोल सुरू असताना दारू अजिबात घेऊ नये. क्लोरहेक्सिडिनच्या चुळा उपयोगी आहेत, पण साधारण दोन आठवड्यांपुरत्या. जास्त दिवस वापरल्या तर दात तपकिरी होतात आणि चव बदलते. ब्रश आणि ही चूळ यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवावं.

घरचे उपाय : काय चालतं, काय नाही

कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरल्यानं सुजलेल्या हिरडीला आराम पडतो, दगड मात्र निघत नाही. तेलाच्या गुळण्यांचंही तेच. लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतलं किंवा दुखऱ्या जागी अॅस्पिरिनची गोळी दाबून धरली तर हिरडी भाजते. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, जाड मीठ यांनी दात पांढरे वाटतात, पण दाताचं वरचं कवच आणि हिरडीची कड घासली जाते. कडुलिंबाचं किंवा बाभळीचं दातवण मऊ चावून हलक्या हातानं वापरलं तर बाहेरून बरी सफाई होते, मात्र आतल्या बाजूला आणि दोन दातांमध्ये ते पोचत नाही.

रोजच्या सफाईची पद्धत अशी.

१. ब्रश मऊ केसांचाच घ्या. कडक ब्रशनं जास्त स्वच्छ होतं हा गैरसमज आहे.
२. ब्रश दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवा. जागच्या जागी हलका थरथरवा आणि मग दाताच्या टोकाकडे ओढा. आडवी करवत चालवू नका.
३. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. रात्री झोपतानाचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं.
४. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.
५. दोन दातांतली जागा फ्लॉसच्या दोऱ्यानं, फट मोठी असेल तर छोट्या इंटरडेंटल ब्रशनं साफ करा. सेफ्टी पिन, टाचणी, काडेपेटीची काडी घालू नका.
६. ब्रश तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की बदला.

रक्त येतंय म्हणून त्या जागी ब्रश लावायचं सोडू नका. तिथेच थर साचलेला असतो. हलक्या हातानं नीट घासल्यावर आठ-दहा दिवसांत रक्त कमी व्हायला हवं. नाही झालं तर आत दगड किंवा पॉकेट आहे असं समजून तपासून घ्या.

मिश्री किंवा तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. घरातल्या बाईची मिश्री सोडवायची तर तिला चारचौघांत टोमणे मारून काही होत नाही. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड, डोकं दुखणं, पोट साफ न होणं असे त्रास होतात. तेवढे दिवस घरच्यांनी सांभाळून घेतलं तर निम्मं काम होतं.

कुठे जायचं आणि काय सांगायचं?

साधं स्केलिंग कुठलाही बीडीएस डॉक्टर करतो. पॉकेट, हलणारे दात, शस्त्रक्रिया असं असेल तर हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट गाठावेत. डेंटल कॉलेजात यासाठी स्वतंत्र पेरिओ विभाग असतो. तिथे शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत. गोव्यात बांबोळीला, तसंच इंदूर आणि हैदराबादला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत. बडोदा आणि ग्वाल्हेर परिसरातही डेंटल कॉलेजची सोय आहे. किती बैठका, एकूण किती खर्च, हे सुरुवातीलाच लिहून मागावं. त्यात संकोच नको.

सीमेपलीकडच्या आपल्या लोकांची खरी अडचण भाषेची होते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची. हिरडी हा शब्द समोरच्याला कळत नाही, मग ‘दात दुखतो’ एवढंच सांगून सुटका केली जाते आणि डॉक्टर दात बघून मोकळे होतात. म्हणून हे शब्द लक्षात ठेवा. हिरडीला कन्नडमध्ये ‘वसडु’ म्हणतात, हिंदीत ‘मसूड़े’, गुजरातीत ‘पेढां’ आणि तेलुगूत ‘चिगुळ्ळु’. बोट लावून जागा दाखवा आणि हा शब्द वापरा, निम्मं काम सोपं होईल.

डॉक्टरांना न विचारताही सांगाव्यात अशा गोष्टी :

- मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप किंवा स्टेंट
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या : अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन वगैरे (आपल्या मनानं बंद करून जाऊ नका)
- हाडं ठिसूळ झाल्यावर दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, कारण त्यानंतर दात काढताना वेगळी काळजी लागते
- गरोदरपण आणि कितवा महिना
- तंबाखू, मिश्री, बिडी, सुपारी : किती आणि किती वर्षं
- कुठल्या औषधाची अॅलर्जी

मिश्रीचं सांगायला बायका लाजतात, मुलगा सोबत असेल तर हमखास लपवतात. अशा वेळी सोबतच्यानं दोन मिनिटं बाहेर थांबावं. डॉक्टरांना खरं कळलं तरच उपचार बरोबर होतो.

‘वय झालं की दात जाणारच’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटू लागलंय. वयामुळे केस पिकतात. दात पडतात ते बहुतेक वेळा आजारामुळे, आणि त्या आजाराची पहिली खूण ब्रशवरच्या रक्तात दिसत असते. घरात चाळिशीच्या पुढचं कोणी असेल, साखरेची गोळी घेणारं कोणी असेल, मिश्री लावणारी आई किंवा आजी असेल, तर या महिन्यात एकदा त्यांच्या हिरड्या दाखवून आणा. साधी तपासणी पंधरा-वीस मिनिटांत होते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो, तो आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच ठरवावा.)